उसात सावली असते, वारा नसतो

कागल तालुक्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"मी बारा बायकांची टोळी घेऊन रोजगाराला जाते. भांगलण, उसाचा पाला काढणं, भुईमूग उपटणं, जे मिळंल ते. गेल्या वर्षी जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर चार दिवसांनी आम्ही एका मालकाच्या आडसाली उसाचा पाला काढायचं काम उक्तं घेतलं. माझी धाकटी जाऊ सोबत होती. वय चौतीस. दुपारी दीडच्या सुमाराला तिची पात मागं राहिली. हाक मारली तर कायतरी भलतंच बोलाय लागली आणि खालीच बसली. अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही तिला बांधावर आणलं, कांदा हुंगवला, तोंडात पाणी घातलं, ते बाहेरच आलं. गाडी यायला पाऊण तास गेला. डॉक्टरांनी दोन सलाईन लावल्या, रात्री घरी आणलं. यंदा ती दुपार झाली की डोकं धरून बसते. 'मला भ्या वाटतंय' म्हणते. घरातले म्हणतात नाटकं करते. मालक म्हणतात तिला आणू नका, माझ्या रानात काय झालं तर मला निस्तरावं लागंल. तिच्या रोजावर पोरांच्या शाळेचं भागतं. तिला टोळीत ठेवू का नको? त्या दिवशी आमचं काय चुकलं तेवढं सांगा. सासूबाई म्हणतात, कांदा कनवटीला असता तर असं झालंच नसतं. मी स्वतः रोज रात्री कंबरेसाठी गोळी घेते, तिनं काय होतं का तेही सांगा."

ताई,

'तिची पात मागं राहिली' हे तुमचं वाक्य मी दोनदा-तीनदा वाचलं. रोज तुमच्या बरोबरीनं चालणारी बाई मागं पडली, हे तुमच्या लगेच ध्यानात आलं आणि तुम्ही हाक मारलीत. त्या हाकेमुळं ती वाचली असं मला वाटतं. हाक मारायला आणखी अर्धा तास लागला असता तर आज तुम्ही हे पत्र लिहीत नसता. म्हणून 'आमचं काय चुकलं' हे आधी मनावरून उतरवा. काय करायचं ते कुणी कधी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, आणि ती चूक आमच्यासारख्या आरोग्य खात्यात नोकरी केलेल्यांची आहे. मी जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर सेविका म्हणून उभी हयात काढली. एप्रिल-मे महिन्यांत रानातून आणलेल्या कितीतरी बायकांपुढं रजिस्टरात 'चक्कर' एवढंच लिहिलं. त्यातल्या काही जणींना नुसती चक्कर नव्हती, हे मला आज कळतं आणि टोचतं.

तुमच्या जावेला जे झालं त्याला उष्माघात म्हणतात. मी तिथं नव्हते, थर्मामीटर कुणी लावला नव्हता, तरी उन्हाळ्यात कष्टाचं काम करताना अंग तापलं आणि माणूस भलतं बोलायला लागलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत उष्माघातच धरायचा असतो. शरीराचं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ४० च्या वर गेलं की मेंदूचं काम बिघडतं. मग माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, अडखळतो, झटके येतात, शुद्ध जाते. मूत्रपिंडं, यकृत, स्नायू यांनाही त्याच वेळी इजा होत असते, ती डोळ्यांना दिसत नाही एवढंच. घरातल्यांना सांगा, विळा लागून हात कापला असता तर नाटक म्हणाला असता का? हीसुद्धा जखमच आहे, फक्त आतली.

आणखी एक गैरसमज आहे, आणि तो शिकल्यासवरल्या माणसांतही असतो. उष्माघात झाला की घाम बंद होतो आणि अंग कोरडं पडतं, असं सगळ्यांना वाटतं. घरात बसून असलेल्या म्हाताऱ्या माणसांत बहुधा तसं होतं. पण काम करता करता ज्याला उष्माघात होतो, त्याचं अंग घामानं ओलं असू शकतं. घाम येतोय म्हणजे बरं आहे, असं धरून बसू नका. बोलणं ताळ्यावर आहे का, ते बघा. तिचं नाव, गावाचं नाव, आज वार कुठला, एवढं विचारा. उत्तर चुकलं किंवा जीभ जड झाली, तर तिथंच ओळखायचं.

आता उसाचं बोलू. तुम्ही पत्रात लिहिलंय की त्या दिवशी डोक्यावर ऊन नव्हतंच, ऊस डोक्याच्या वर होता, मग ऊन लागलं कसं? हा प्रश्न फार बरोबर आहे. घाम नुसता येऊन अंग गार होत नाही. तो वाळावा लागतो. वाळण्यासाठी वारा लागतो आणि हवा कोरडी लागते. आडसाली ऊस आदल्या पावसाळ्यापासून वाढत आलेला असतो, चैत्रापर्यंत त्याची भिंत होते. वारा आत शिरत नाही. खाली पाणी पाजलेली ओली जमीन, वर लाखो हिरवी पानं हवेत ओल सोडतायत. अशा हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. त्यात पात्यानं अंग चिरू नये म्हणून तुम्ही सगळ्याजणी लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालता, तोही बहुतेक टेरिकॉटचा, आणि तोंडाला कापड गुंडाळता. स्नायू जेवढी शक्ती खर्च करतात त्यातली साधारण पाऊण शक्ती उष्णता म्हणूनच बाहेर पडते. म्हणजे चूल तुमच्या अंगातच पेटलेली आहे आणि धुराडं बंद करून टाकलंय. उसात सावली असते, वारा नसतो. बांधावरच्या उघड्या उन्हापेक्षा वाईट जागा ती असू शकते.

म्हणूनच पेपरातल्या आकड्यावर विसंबू नका. कोल्हापुरात ३८, असं छापून आलं की आपण म्हणतो, हे काय चंद्रपूर आहे का! तो आकडा जमिनीपासून चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजलेला असतो. तुमच्या उसातला तो नव्हे. सपाट प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर करायला हवामान खातं निदान ४० अंश धरतं, त्यामुळं आपल्याकडं तसा इशारा क्वचितच येतो. इशारा नाही म्हणजे धोका नाही असं होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर कार्यक्रमासाठी उन्हात बसलेली माणसं उष्माघातानं दगावली. तिथं तापमान ३८ च्या आसपासच होतं, हवा दमट होती, आणि ती माणसं काम करत नव्हती, बसून होती. आपल्याकडं वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी जो उबाळा होतो, तो दिवस मला सगळ्यात भीतीचा वाटतो. पाऊस पडला, गार झालं, म्हणून सगळे जोमानं कामाला लागतात आणि हवेत ओल भरलेली असते.

त्या दिवशी तुम्ही तिला उसातून बाहेर काढलंत, ते बरोबर. पण नंतरचा पाऊण तास गाडीची वाट बघण्यात गेला, तो पाऊण तास तिचं अंग गार करण्यात जायला हवा होता. उष्माघातात खरं औषध दवाखान्यात नसतं, पाण्यात असतं. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती उतरवलं यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून एकीनं १०८ ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी पाणी ओतायला सुरुवात करायची. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, आणि गार होण्याआधी उचलून पळायचंही नाही.

कसं गार करायचं ते नीट वाचा आणि टोळीत सगळ्यांना वाचून दाखवा. शर्ट काढा, लुगडं सैल करा. लाजेचा विचार आला तर चार बायकांनी आडोसा धरा, पण कपडे सैल केलेच पाहिजेत. प्रत्येक शेतकऱ्याकडं ताडपत्री असते. ती अंथरून तिच्यावर बाईला झोपवा, चौघींनी कडा वर उचलून धरा म्हणजे खोळ तयार होते, आणि घागरीनं पाणी ओता. अंगाखाली पाणी साठू द्या, हलवत राहा. एकीचं काम फक्त तिचं डोकं आणि तोंड पाण्याच्या वर धरायचं. परदेशात लष्करात आणि मॅरेथॉन पळणाऱ्यांसाठी अगदी हेच करतात, फक्त त्यांच्याकडं बर्फ असतो. तुमच्याकडं विहिरीचं, बोअरचं पाणी आहे आणि ते पुरेसं गार असतं. ताडपत्री नसली तर पाटात झोपवा किंवा सगळ्या अंगावर सतत पाणी ओतत दोघींनी पदरानं, पुठ्ठ्यानं जोरजोरात वारा घाला. जवळच्या घरातून बर्फ मिळाला तर तो मानेला, काखेत, जांघेत फडक्यात बांधून ठेवा. विहिरीत मात्र उतरवू नका. शुद्ध नसलेला माणूस हातातून निसटतो.

हे करायला पाणी जवळ पाहिजे. म्हणून काम धरायच्या आधी मालकाला विचारा, पाणी कुठं आहे आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे की रात्रीची. रात्रीची असेल तर दुपारी मोटर चालणार नाही, तेव्हा पिंप भरून ठेवायला सांगा. तो पाण्याचा साठा प्यायचा नाही, अंगावर ओतायचा. पिण्याचं वेगळं.

तोंडात पाणी घातलंत आणि ते बाहेर आलं. ताई, ते बाहेर आलं हे नशीब. जो माणूस नीट बोलत नाही, त्याला गिळताही येत नाही, आणि पाणी श्वासनळीत जातं. भलतं बोलणाऱ्या किंवा शुद्ध गेलेल्या माणसाला पाणी नाही, लिंबू सरबत नाही, गोळीही नाही. तापाची गोळी इथं उपयोगाची नाही, कारण हा जंतूंचा ताप नव्हे. ओकारी येत असेल तर कुशीवर वळवा. शुद्ध पूर्ण असेल, बोलणं ताळ्यावर असेल, फक्त गरगरतंय, मळमळतंय, पोटऱ्यांत गोळे येतायत, तर ती पायरी अलीकडची असते. तिला सावलीत बसवून घोटाघोटानं पाणी द्या, अंग पुसा. अर्ध्या तासात उतार नाही पडला तर डॉक्टर. उतार पडला तरी त्या दिवशी खुरपं पुन्हा हातात द्यायचं नाही.

आणखी एक विचारून घ्या: त्या रानात किंवा शेजारी दोन-चार दिवसांत औषध मारलं होतं का. कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम, ओकारी, गुंगी येते, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांची बाहुली बारीक होते. डॉक्टरांना हे सांगितलं तरच कळतं, आणि त्याचे उपचार वेगळे असतात. शक्य असेल तर औषधाचा डबा बरोबर न्या.

सासूबाईंच्या कांद्याबद्दल त्यांचा मान ठेवून सांगते. खिशातला, कनवटीचा कांदा उष्णता ओढून घेत नाही, आणि हुंगवल्यानं उष्माघात उतरत नाही. भाकरीबरोबर कांदा खा, खर्डा खा, ताक प्या, नाचणीची आंबील प्या. ताक आणि आंबील या त्यांच्याच हातच्या गोष्टी खरोखर गुणाच्या आहेत. पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जातं. सासूबाईंना म्हणा, कांद्याऐवजी रोज सकाळी तांब्याभर मिठाचं ताक टोळीसाठी करून द्या. त्यांना बरंही वाटेल.

आता जावेचं. तिला टोळीतून काढू नका. पण उद्यापासून तसंच उसातही नेऊ नका.

आधी तिला ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि गेल्या वर्षी काय झालं ते जसं मला लिहिलंत तसं सगळं सांगा. भलतं बोलत होती, अंग तापलं होतं, हे शब्द सांगा, 'चक्कर आली' असं म्हणू नका. रक्तातलं हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, यकृताची तपासणी, साखर, लघवीची तपासणी आणि रक्तदाब, एवढं करून द्या म्हणा. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडं कशी चालतायत ते समजतं. गेल्या वर्षी दोन सलाईनीनंतर घरी आणलं तेव्हा हे कुणी बघितलेलं दिसत नाही. हिमोग्लोबिन मी मुद्दाम पहिलं लिहिलं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, आणि अशा बाईच्या काळजाला उन्हात दुप्पट पळावं लागतं. दुपारी डोकं धरून बसण्याचं कारण तेवढंच निघालं तर गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. ती रक्तदाबाची किंवा पाय सुजल्यावर देतात ती लघवीची गोळी घेत असेल तर तेही सांगा. स्वतःहून कुठलीच गोळी बंद करू नये. दिवस गेले असतील तर या उन्हाळ्यात रानात जायचंच नाही.

आणि तिचं 'भ्या वाटतंय' हे मी खोटं मानत नाही. एकदा उष्माघात होऊन गेलेल्या माणसाला काही आठवडे, कधी काही महिनेही ऊन कमी सोसतं. वर्ष उलटलं आहे, तेव्हा शरीर बहुतेक भरून आलं असेल, पण ती मधला सगळा काळ घरातच असेल तर तिच्या अंगाची उन्हाची सवय मोडलेली आहे. ही सवय म्हणजे खरोखरची गोष्ट आहे. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, काळजाचे ठोके आवरतात. काही आठवडे खंड पडला की हे सगळं पुसलं जातं. म्हणून डॉक्टरांनी होकार दिल्यावर पहिल्या दिवशी फक्त एक-सव्वा तास काम, तेही सकाळी, उघड्या रानात. मग रोज तासाभरानं वाढवत न्या. तिच्यासाठी मी दोन आठवडे धरीन. डोकं दुखलं की तिथंच थांबायचं, दुसऱ्या दिवशी वाढवायचं नाही. उसाच्या आत या उन्हाळ्यात तिला पाठवूच नका. भुईमूग निघतोय, वेल दुसऱ्यांनी उपटावेत आणि शेंगा तोडायला तिला झाडाखाली बसवावं. ते हलकं काम म्हणून कुणी नाक मुरडलं तर तुम्ही टोळीच्या प्रमुख आहात, बोला.

तिच्या दोन आठवड्यांच्या अर्ध्या रोजाचं काय, हे मला सोपं करून सांगता येत नाही. उक्त्या कामात पैसे तुम्हीच वाटता. बाकीच्या जणींनी थोडं थोडं सोडलं तर तिचा रोज भरून निघतो, आणि उद्या तुमच्यापैकी कुणाची वेळ आली तर तिनंही तसंच करावं. पूर्वी पैऱ्यानं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबून, कामं व्हायची, तसाच हा दुखण्याचा पैरा म्हणा. पण हे तुम्ही बायकांनी बसून ठरवायचं आहे.

उक्त्याबद्दल एक काळजी सांगते. रोजावर असताना बाई दमली की बसते. उक्तं असलं की सगळ्याच जणी वेळेशी पळतात, पाणी प्यायला थांबायला लाजतात, आणि जी दमली ती 'माझ्यामुळं सगळ्यांचं अडायला नको' म्हणून गप्प राहते. तुमची जाऊ त्या दिवशी तशीच गप्प राहिली असणार. उन्हाळ्यात उसाच्या आतलं काम उक्तं घेऊ नका. घेतलंच तर दर ठरवतानाच विश्रांती धरून ठरवा.

आता वेळ. बारा ते चार उन्हात जाऊ नका, असं दरवर्षी सरकारी पत्रकात छापून येतं. मीही अशी पत्रकं वाटली आहेत. पण आपल्याकडच्या बायकांचा रोजच दहा-अकरा ते पाच. म्हणजे जे तास टाळायचे तेच तास कामाचे. हे असं का, तर सकाळी म्हशीची धार, दूध डेअरीला, नळाचं पाणी, भाकऱ्या, पोरांचे डबे, हे सगळं उरकल्याशिवाय बाईचा पाय घराबाहेर पडत नाही. म्हणून वेळ बदलायची तर ती रानात बदलत नाही, ती आधी घरात बदलावी लागते. दूध डेअरीला नवऱ्यानं घालावं. पाणी पोरांनी भरावं. उन्हाळ्याचे दोन महिने एवढं झालं तर तुम्ही सातला रानात पोचता आणि बाराला सुटता. मध्ये एक न्याहारीची सुट्टी. पाच तास सकाळच्या गार वेळेत होणारं काम दुपारच्या सहा तासांपेक्षा कमी नसतं. दुपारी हात कसा चालतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हेच मालकांना सांगा, आणि सांगताना एकट्या जाऊ नका, चार-पाच जणी जा. जावेला आणू नका म्हणतात, यात त्यांना स्वतःची काळजी वाटते हे मी समजू शकते. पण एका बाईला वगळून त्यांच्या उसात वारा शिरणार नाही. उद्या दुसरी पडेल, कदाचित ती पंचवीस वर्षांची धडधाकट पोर असेल. तरण्या माणसांनाच हे जास्त होतं कधीकधी, कारण ती थांबत नाहीत. त्यांच्याकडं मागायच्या गोष्टी फार नाहीत: सातची वेळ आणि रोज पूर्ण, पाण्याचं पिंप, एक ताडपत्री, बसायला झाड किंवा चार काठ्यांवर हिरवी जाळी, आणि गाडीवाल्याचा फोन नंबर. अजून एक मागा, संकोच न करता: आडोसा.

हे मी का म्हणते ते तुम्हाला माहीत आहे. कितीतरी बायकांनी मला सांगितलंय, आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, "मी पाणीच कमी पितो बाई, म्हंजे सारखं उठाय नको." रानात जायला जागा नाही, मालकाची माणसं आसपास, म्हणून तहान मारायची. मग उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, ताप येतो, आणि एखाद्या दिवशी उष्माघात. दोन जुनी लुगडी आणि चार काठ्या लागतात एवढ्याचसाठी. पाणी प्यायचं ते तहान लागायची वाट न बघता, दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. घड्याळ नसेल तर पात संपली की पाणी, असा टोळीचा नियम करा. एकदम तांब्यावर तांबे ओतूनही घेऊ नका, तासाला लिटरभर पुरे. दुपारी लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडलं असं समजा. तपकिरी, काळसर झाली तर त्याच दिवशी दवाखाना, ते स्नायू आणि मूत्रपिंडांच्या इजेचं लक्षण असू शकतं. ओआरएसची पुडी लिटरभराची आहे का पेलाभराची, ते पुडीवर वाचून तेवढ्याच पाण्यात घाला. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. कॅन उन्हात टाकू नका, गोणपाट ओलं करून गुंडाळा.

राहिली तुमच्या कंबरेची गोळी. नाव लिहिलं नाहीत, पण मेडिकलवर कंबरेसाठी मागितली की बहुतेक डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन देतात. ताई, दिवसभर घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना रोज ही गोळी घेणं मूत्रपिंडांना मारक आहे. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा हे आपल्यासारखेच उसाचे देश आहेत. २००२ साली एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की मूत्रपिंडं निकामी होऊन येणाऱ्या कितीतरी रुग्णांना ना मधुमेह आहे, ना रक्तदाब. बहुतेक समुद्राकडच्या सखल भागातले शेतमजूर. नंतर तिथल्या ऊसतोड कामगारांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला. भर उन्हातलं जड काम आणि अंगातलं कमी पाणी यांचा त्या आजाराशी घट्ट संबंध निघाला. वेदनाशामक गोळ्यांकडंही संशयानं पाहिलं गेलं. मग निकाराग्वात फडाजवळ सावलीचे तंबू उभारले, विश्रांतीच्या वेळा बांधून दिल्या, पाणी पुरवलं, तेव्हा तोडणाऱ्यांच्या मूत्रपिंडांची इजा कमी झाली. औषध एकही दिलं नव्हतं. आपल्या फडात बीडहून येणारे ऊसतोडे असोत की तुम्ही असा, शरीर तेच आहे. जावेबरोबर तुमचंही क्रिएटिनिन बघून घ्या. कंबर डॉक्टरांना दाखवा, शेक घ्या, आणि दुखलंच तर मूत्रपिंडाला त्यातल्या त्यात सोसणारी कुठली गोळी किती घ्यायची, ते त्यांनाच विचारा. मेडिकलवाल्याला नको.

टोळीत उद्यापासून जोड्या लावा. सहा जोड्या होतात. प्रत्येकीनं आपल्या जोडीदारणीवर नजर ठेवायची, कारण ज्याचा मेंदू तापतो त्याला स्वतःला ते कळत नाही. तुमच्या जावेला त्या दिवसाचं काही आठवतं का, विचारून बघा. बहुधा नाही म्हणेल.

रिपोर्ट आले की त्यातला क्रिएटिनिनचा आणि हिमोग्लोबिनचा आकडा मला लिहून पाठवा, मी वाट बघते. आणि ती कामावर येईल त्या पहिल्या सकाळी जोडी तुम्हीच व्हा, तिच्या शेजारची पात धरा.